अक्षराचं चित्र आणि अक्षराचा नंबर

मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. महाराष्ट्रातल्या नागरी छपाईचा इतिहास लिहिणारे या गीतेपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. गोष्ट अशी सांगतात की ब्राह्मणांना दान द्यायला गीता छापून घ्यावी असं नाना फडणविसांच्या मनात होतं. पुण्यातला एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकला होता, इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने. पण १८०० मध्ये नाना वारले आणि काम अर्धवट राहिलं. मग तो कारागीर मिरजेला गेला, गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आधार दिला आणि गीता छापून झाली.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पानभर मजकूर एका पत्र्यावर कोरायचा, तोही उलटा, आरशात दिसेल तसा. मग शाई भरून कागद दाबायचा. एक पान म्हणजे एक पत्रा. त्यातला ‘क’ उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कारण तिथे ‘क’ नावाची सुटी वस्तूच नाही. तिथे ‘क’चं चित्र आहे.

त्याच १८०५ साली, बंगालमध्ये श्रीरामपूरला, विल्यम कॅरीने मराठी भाषेचं व्याकरण छापलं. त्यातली नागरी अक्षरं शिशाच्या सुट्या खिळ्यांची होती. खिळे जुळवा, छापा, सोडवा, पुन्हा जुळवा. एकाच वर्षी आपल्या भाषेत दोन कल्पना छापल्या गेल्या होत्या: मजकूर म्हणजे एक अखंड चित्र, आणि मजकूर म्हणजे सुट्या अक्षरांची ओळ.

हे जुनं प्रकरण मी उकरून काढतोय ते छपाईच्या प्रेमापोटी नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे आणि त्यात मला रोज हा फरक भेटतो. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या वर्गात डोळ्यांनी न दिसणारी मुलगी बसलेली असेल, तिच्या हातात बोलणारा फोन असेल, त्यात मराठीचं पुस्तक असेल, तर ते पुस्तक तिला वाचता येईल की नाही हे फोनच्या किमतीवर ठरत नाही. पुस्तकाची फाईल मिरजेच्या पत्र्यासारखी आहे की सुट्या अक्षरांची आहे, यावर ठरतं. गंमत म्हणजे सुट्या अक्षरांची कल्पना शेवटपर्यंत नेणारे लोक अंधांच्या शाळांतले होते. संगणकवाले बऱ्याच उशिरा आले.

आधी थोडं पॅरिसला जाऊ. तिथे व्हॅलेंटिन हाउई याने १७८०च्या दशकात अंध मुलांसाठी शाळा काढली आणि पुस्तकंही. त्याने जाड कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरं उठावाची करून छापली. बोट फिरवा आणि अक्षराचा आकार ओळखा. डोळसांना हे फार आवडलं, कारण ती पुस्तकं त्यांनाही वाचता येत होती. मुलांना मात्र एकेक अक्षर चाचपत जावं लागे. आणि लिहायची सोय नव्हतीच. वाचता येतं पण लिहिता येत नाही अशी साक्षरता.

लुई ब्रेल याच शाळेत शिकला. जन्म १८०९चा, म्हणजे मिरजेच्या गीतेनंतर चार वर्षांनी. शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी माणसाने बारा ठिपक्यांची एक लिपी आणली होती, तिच्यावरून पंधराव्या वर्षी ब्रेलने सहा ठिपक्यांची आपली रचना केली. ती छापून आली १८२९मध्ये. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक ठिपका उठलेला असेल किंवा नसेल, म्हणून एकूण ६४ शक्यता, त्यात एक कोरी. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या कुणालाही हे लगेच ओळखीचं वाटेल: सहा बिट. ब्रेलच्या ‘के’चा छापील ‘के’शी आकाराने काहीच संबंध नाही. तो एक क्रमांक आहे, बोटाला कळणारा.

डोळस शिक्षकांना हे पचलं नाही. १८४०च्या सुमाराला शाळेच्या नव्या संचालकाने, द्यूफोने, ब्रेलवर बंदीच आणली. मुलं चोरून लिहीत राहिली. शेवटी फ्रान्सने १८५४मध्ये ही लिपी अधिकृत केली, तेव्हा ब्रेलला जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलांना काय सोपं जातं आणि मोठ्यांना काय बघायला बरं वाटतं, ही ओढाताण इथून सुरू झाली ती अजून चालू आहे.

आपल्याकडे हे ठिपके मिशनऱ्यांबरोबर आले. अमृतसरला १८८७मध्ये अंधांची शाळा निघाली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी दुसरी काढली. याच मिशनची ठाणी साताऱ्यात आणि वाईतही होती. दोन वर्षांनी मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. तिच्या उभारणीत नीलकंठराय छत्रपती होते, स्वतः दृष्टी गमावलेले, आणि त्यांनी भारतीय अक्षरांसाठी आपली वेगळी ब्रेल बसवली होती. कोलकात्यात लालबिहारी शाह यांची आणखी वेगळी. बायबल सोसायटीच्या आधाराने नोल्स आणि गार्थवेट यांनी सगळ्या पौर्वात्य भाषांसाठी म्हणून केलेली तिसरीच. पुण्याची अंधशाळा १९३४ची. तोवर देशात इतक्या ब्रेल झाल्या होत्या की एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईल याची खात्री नव्हती. सहा ठिपके सगळीकडे तेच, पण ‘क’साठी कुठले उठवायचे यावर एकमत नाही.

हा गोंधळ सोडवण्यात एका न्यूझीलंडच्या माणसाचा मोठा हात आहे. क्लूथा मॅकेंझी. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला त्याचे डोळे गेले. दुसऱ्या महायुद्धात तो भारतात आला, डेहराडूनला युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांच्या प्रशिक्षणाचं काम त्याने पाहिलं आणि देशातल्या अंधत्वावर सरकारला अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९मध्ये भारत सरकारने युनेस्कोकडे ब्रेलचा प्रश्न नेला आणि युनेस्कोने मॅकेंझीलाच हाताशी धरलं. मार्च १९५०मध्ये पॅरिसला बैठक, १९५१च्या सुरुवातीला बैरूतला आणखी एक, आणि एप्रिल १९५१मध्ये भारतात एका ब्रेलवर शिक्कामोर्तब झालं. तिचं नाव भारती ब्रेल.

तिचं तत्त्व एका ओळीत सांगता येतं. लिपी कुठलीही असो, आवाज तोच असेल तर ठिपके तेच. मराठी ‘क’, गुजराती ‘क’, बंगाली ‘क’, कन्नड ‘क’, सगळ्यांना ठिपके १ आणि ३. इंग्रजी ‘के’लाही तेच. म्हणजे जत तालुक्यातल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाला दोन लिप्या शिकायच्या नाहीत. त्याच्या शेजारच्या डोळस मुलाला शिकाव्या लागतात.

आता मराठी त्यात कशी बसते ते बघा, कारण मला यातली कारागिरी फार आवडते. ‘सातारा’ लिहायला सहा घरं लागतात: स, आ, त, आ, र, आ. कान्यासाठी वेगळी खूण नाही. काना म्हणजे ‘आ’च, ठिपके ३, ४, ५. ‘सांगली’लाही सहाच: स, आ, अनुस्वार, ग, ल, ई. पहिली वेलांटी छापील मराठीत व्यंजनाच्या आधी काढतात, पण बोलताना ‘इ’ नंतर येते, तर ब्रेलमध्येही ती नंतरच येते. ‘किल्ला’ शब्दात आधी क, मग इ. वेलांटी आधी का काढायची हा पहिलीतल्या मुलांना छळणारा प्रश्न ब्रेल शिकणाऱ्या मुलाला पडतच नाही. ‘ळ’ला ४, ५, ६ हे ठिपके दिले आहेत, त्यामुळे कळ, बाळ, निंबाळकर कुणाचीच अडचण होत नाही.

एके ठिकाणी मात्र पेच होता. व्यंजनातला ‘अ’ लिहायचा नाही आणि स्वराला स्वतंत्र खूण नाही, तर मग ‘सी’ आणि ‘सई’ यांत फरक कसा करणार? दोन्हीकडे स आणि ई. यावर तोड अशी काढली की जिथे घोटाळा होईल तिथे मधला ‘अ’ लिहायचा. ‘सी’ म्हणजे स, ई. ‘सई’ म्हणजे स, अ, ई. एका जास्तीच्या ठिपक्याने फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई आपलं नाव राखून आहे. ‘मू’ आणि ‘मऊ’चंही तसंच.

वर्गात हे सगळं लिहायचं साधन म्हणजे पाटी आणि स्टायलस. पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या, वरच्या पट्टीत खिडक्या, खालच्या पट्टीत सहा सहा खळगे. मधे जाड कागद घालायचा आणि मूठ असलेल्या बोथट टोच्याने ठिपके दाबायचे. ठिपके उठतात ते मागच्या बाजूला, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. मिरजेच्या तांबटासारखंच. मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. सहा-सात वर्षांची मुलं हे दोन्ही दिशांचं गणित डोक्यात ठेवून भराभर लिहितात. गणितासाठी टेलर फ्रेम, अष्टकोनी भोकांची पाटी, तिच्यात खिळा ज्या दिशेला वळवाल त्याप्रमाणे आकडा बदलतो. पर्किन्सचं ब्रेल यंत्र १९५१चंच. पण ते महाग, त्यामुळे पाटी टिकली. आजही तुम्हाला कुठल्याही अंधशाळेत टकटकटक असा तिचा आवाज ऐकू येईल.

तर १९५१मध्ये भारतीय भाषांसाठी एक समान कोड तयार होता. सगळ्या लिप्यांसाठी आवाजावर आधारलेला. आता १९८०च्या दशकात या. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी संगणकावर भारतीय लिप्या आणायच्या खटपटीत होते. त्यांनी जे केलं त्याचं नाव इस्की. १९९१मध्ये ते भारतीय मानक झालं. त्याचं तत्त्व काय? लिपी कुठलीही असो, ‘क’चा क्रमांक १७९. पडद्यावर तो मराठीत दाखवायचा की बंगालीत, हे वेगळं सांगायचं. वेलांटी व्यंजनानंतर साठवायची, दिसताना आधी दाखवायची.

हे वाचून माझ्यासारख्याच्या अंगावर शहारे येतात (हो, आम्हाला अशाच गोष्टींनी येतात). ब्रेलने चाळीस वर्षं आधी हेच केलं होतं. दोन्हींचा पाया आपली वर्णमाला. कंठातून ओठापर्यंत आवाज लावून ठेवलेले, ते कुठल्याही लिपीत त्याच क्रमाने म्हणता येतात. पण संगणकाच्या इतिहासाच्या ज्या पुस्तकांतून आम्ही शिकलो त्यांत भारती ब्रेलचं नाव नसतं. माझ्या मते असायला हवं. भारतीय भाषांसाठी सगळ्या देशात चालणारं पहिलं कॅरॅक्टर एन्कोडिंग तेच आहे, फक्त ते कागदावर टोचलेलं होतं आणि ते वापरणारे लोक कुणाच्या लक्षात येत नव्हते.

इस्कीची मांडणी पुढे युनिकोडने घेतली. तुमच्या फोनमधला मराठी ‘क’ २३२५ क्रमांकाचा, गुजराती २७०९ आणि कन्नड ३२२१. वजाबाकी करून बघा, फरक नेमका १२८च्या पटीत येतो. ब्रेलचे ठिपके स्वतः युनिकोडमध्ये १९९९ला आले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. कोड ठरला, संगणक आले, सगळं वाचता यायला हवं. पण मधेच मराठीने एक वळण घेतलं आणि ती तडक मिरजेच्या तांबटाकडे परत गेली.

नव्वदच्या दशकात गावोगाव डीटीपी सेंटरं निघाली. सातारच्या राजपथावर लग्नपत्रिका छापणारा असो की सांगलीत दिवाळी अंक काढणारा, प्रत्येकाला मराठी टाईप करायचं होतं आणि तेव्हाच्या विंडोजला फक्त इंग्रजी अक्षरं कळत होती. तेव्हा फॉन्टवाल्यांनी चलाखी केली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: इथे ‘म’, तिथे काना, दुसरीकडे अर्धा ‘क’, कुठे नुसती मात्रा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाचा नकाशा निराळा. कागदावर देखणं मराठी उमटायचं. संगणकाच्या पोटात मात्र मराठी नव्हतंच. खूप वापरल्या गेलेल्या अशा एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द साठवला जातो तो असा: अंडरस्कोर, ए, एम, कॅपिटल आर, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, आर.

मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या फॉन्टांमुळे दोन दशकं मराठी पुस्तकं निघाली, ती सुंदर निघाली. छापलेला कागद हाच शेवट असेल तर आत काय साठवलंय याने काय फरक पडतो? फरक फक्त अशा वाचकाला पडतो ज्याला कागद दिसत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, चित्र बघत नाही. ते आतले क्रमांक वाचतं. मग इतिहासाच्या पुस्तकाऐवजी मुलीला ऐकू येतं, ‘अंडरस्कोर ए एम आर ग्रेटर दॅन आर’. पानभर. हे तुम्हालाही करून बघता येईल: एखाद्या जुन्या मराठी पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. जे उमटेल ते तिचं पुस्तक.

दुर्दैव असं की नेमक्या याच काळात बोलणारे संगणक स्वस्त होत होते. जॉज नावाचा स्क्रीन रीडर नव्वदच्या दशकातला, पण त्याचा परवाना महाग आणि मराठीची सोय नाही. २००६मध्ये मायकल करन आणि जेम्स तेह या दोघा ऑस्ट्रेलियन तरुणांनी, दोघेही अंध, एनव्हीडीए लिहायला घेतलं आणि फुकट वाटलं. त्याच्यासोबत ई-स्पीक नावाचा छोटासा बोलका प्रोग्रॅम असतो, त्याला मराठीही येतं. यंत्रासारखं येतं, पण येतं. २००९पासून अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आलं. मग वेगळं काही विकत घ्यायची गरज राहिली नाही. म्हणजे दहिवडीच्या किंवा आटपाडीच्या मुलाकडे वाचनाचं यंत्र आलं, आणि वाचायला पुस्तकं नव्हती.

या आवाजांचं मराठी ऐकण्यासारखं असतं. आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ यांना दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. ‘जरा’ म्हणजे थोडंसं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, लिहायला एकच. माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्र हिंदीच्या वळणावर गेलं तर ‘चमचा’ असा काही म्हणतं की तो शब्द पुन्हा ऐकावासा वाटतो. ब्रेलही यात मदत करत नाही, कारण ती आपल्या लिपीलाच धरून आहे. मुलं पंधरा दिवसांत या आवाजाला सरावतात आणि मग त्याचा वेग इतका वाढवतात की शेजारी बसलेल्या शिक्षकाला एक शब्द कळत नाही.

या सगळ्यात सातारा जिल्ह्याचं एक ऋण मोठं आहे, आणि ते बहुधा ठरवून केलेलं नाही. वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम तिथे उभं केलं. पहिला खंड १९७६मध्ये आला. एकेक खंड हजार-बाराशे पानांचा. ब्रेलमध्ये छापील पानाची दोन-तीन पानं होतात आणि कागदही जाड, म्हणजे तो सगळा विश्वकोश ब्रेलमध्ये आणायचा तर शाळेला त्यासाठी वेगळी खोली बांधावी लागेल. पण पुढे विश्वकोश युनिकोडमध्ये इंटरनेटवर आला. सुट्या अक्षरांत. त्या दिवसापासून वाईत लिहिलेली मराठीतली एवढी मोठी ज्ञानाची रास अंध विद्यार्थ्याला फुकट, कुणालाही न विचारता, शोधून वाचता यायला लागली. संकेतस्थळाच्या बातम्यांत याचा उल्लेख मी तरी वाचलेला नाही. वाईहून पाचगणीचा घाट चढला की भिलार लागतं, ४ मे २०१७ला ‘पुस्तकांचं गाव’ झालेलं. स्ट्रॉबेरीच्या गावात घरोघरी मराठी पुस्तकं ठेवण्याची कल्पना गोड आहे. तिथे जाऊन फोटो काढावासा वाटतो. विश्वकोशाच्या साध्या, बेरंगी वेबपानाचा फोटो कुणी काढत नाही. पण अंध विद्यार्थ्यासाठी दोन्हींतलं कुठलं गाव पुस्तकांचं, हे मी सांगायला नको.

कायद्याची बाजू या काळात बरी झाली. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय आहे की अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदलायचं असेल आणि त्यात नफा नसेल, तर लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१३ला मराकेशमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४मध्ये त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६च्या ऑगस्टमध्ये सुगम्य पुस्तकालय सुरू झालं, अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात शिक्षण सर्वसमावेशक असावं असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे अंध मुलाने घर सोडून दूरच्या निवासी शाळेतच जावं असं नाही, गावच्या शाळेत बसावं, आणि शाळेने त्याला वाचता येईल असं पुस्तक द्यावं.

पुस्तक द्यावं, पण कोणी बनवायचं? जुन्या फॉन्टमधली फाईल मिळाली तर ती युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम आहेत. मी त्यातले काही उघडून वाचलेत. प्रत्येक फॉन्टसाठी एक लांबलचक कोष्टक: हे चिन्ह दिसलं तर तो अर्धा ‘त’ समजा, वेलांटी दिसली तर पुढच्या व्यंजनापलीकडे ढकला, रफार दिसला तर मागे न्या. जोडाक्षरात सगळं कोसळतं. ‘आर्थिक’ हा एक शब्द सरळ करायला तीन नियम एकमेकांत अडकतात. फाईल नसेल, नुसतं छापील पान असेल, तर स्कॅन करून ओसीआर करायचं. ते चांगलं झालंय, तरी ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ करतंच. मग कुणीतरी डोळस माणसाने बसून ते तपासायचं. बहुतेक वेळा हे काम आई, बहीण, एखादी फिरती विशेष शिक्षिका किंवा कॉलेजातली मैत्रीण करते, परीक्षेच्या तोंडावर. कायद्याने हक्क दिला आणि मजुरी घरच्यांच्या गळ्यात आली.

एकदा मजकूर सुटा झाला की पुढचं मात्र जवळजवळ फुकट आहे. लिबलुईस नावाची एक मुक्त लायब्ररी आहे, जॉन बॉयर या अंध प्रोग्रॅमरने २००२मध्ये सुरू केलेली. युनिकोड द्या, ब्रेल घ्या. तिच्यात मराठीचं कोष्टक आहे. छोटी मजकुराची फाईल, एकेका ओळीत एक अक्षर आणि त्याचे ठिपके. १९५१च्या बैठकांत ठरलेली ‘क म्हणजे १३’ ही ओळ आजही तशीच धावते, एनव्हीडीएच्या आतसुद्धा.

फोन बोलतोय तर आता ब्रेल कशाला, असं विचारणारे डोळस लोक खूप आहेत. मला ही हाउईच्या काळचीच खोड वाटते, मुलांसाठी काय पुरे हे बाहेरून ठरवण्याची. ऐकून गोष्ट कळते, शब्द कसा लिहितात ते कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच. पानावर बोट फिरवणाऱ्या मुलालाच कळतं की एकात २, ४ आहेत आणि दुसऱ्यात ३, ५. जो फक्त ऐकत वाढला त्याला दहावीच्या मराठीच्या पेपरला लेखनिक घ्यावा लागतो, खालच्या इयत्तेतला मुलगा, आणि मग ऱ्हस्व-दीर्घाचे गुण त्या मुलाच्या शुद्धलेखनावर अवलंबून. स्वतःचं मराठी स्वतः लिहायचं असेल तर हाताखाली अक्षर लागतं. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ला ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढलं ते अशा वेळी, जेव्हा सगळे ब्रेल संपली म्हणत होते. बातम्या, लेख, जाडजूड कागदावर, टपालाने. पाठ्यपुस्तकापलीकडचं मराठी बोटांखाली यायचं ते असं. आता वीस घरांचे ठिपके वर-खाली होणारी छोटी यंत्रं मिळतात, फोनला जोडता येतात. एका वेळी ‘सातारा’ हा शब्द त्यात तीनदा मावतो. किंमत मात्र अजून साध्या फोनच्या कितीतरी पुढे.

आणि काही गोष्टी कोडमध्ये मावत नाहीतच. भूगोलाचा नकाशा हे चित्रच आहे, त्याला क्रमांक देऊन चालत नाही. फोन त्या जागी ‘इमेज’ एवढंच म्हणून पुढे जातो. त्यावर वर्गातले शिक्षक जे करतात ते कुठल्याही ॲपमध्ये नाही. पुठ्ठा घ्यायचा, फेविकॉल लावायचा आणि सुतळी चिकटवायची. वरच्या टोकाला महाबळेश्वर, तिथे सुतळीची गाठ. तिथून सुतळी खाली येते, वाईला एक चिंचोका, साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेचा बारीक दोरा येऊन मिळतो, कराडला कोयनेचा जाड. मग ती सांगलीकडे वळते, हरिपूरला वारणा येते. मुलाचं बोट महाबळेश्वरच्या गाठीपासून निघतं आणि कृष्णेवरून सांगलीपर्यंत जातं. शेजारच्या बाकावरची डोळस मुलंही मग डोळे मिटून तेच करून बघतात. कराडला बोट कुठल्या दोऱ्यावर गेलं यावरून भांडतात.